साडूची घरगाडी

काष्टीचा बाजार उठायला आला होता आणि सहादेव अंगणात म्हशींची पेंड कालवत होता, तेव्हा रस्त्यावर हॉर्न वाजला. सगळी नोकरी श्रीगोंदा डेपोत एस.टी.चं स्टिअरिंग धरण्यात गेलेली. हॉर्नवरून गाडी ओळखायची त्याची सवय. हा हॉर्न मात्र त्याला ओळखता आला नाही. पेंडीचा हात तसाच पाटीत ठेवून त्यानं मान वर केली.

अंगणासमोर एक लांबलचक पांढरी गाडी येऊन उभी होती. मिनीबस म्हणावी तर खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, टपावर सोलरच्या काळ्या पाट्या, मागं शिडी आणि बाजूला गुंडाळून ठेवलेलं कापडी छत. दार सरकलं, खालून एक पायरी आपोआप बाहेर आली आणि तिच्यावर पाय ठेवून सहादेवचा साडू, केडगावचा आबासाहेब, खाली उतरला.

"दाजी, पाव्हणा घर घेऊन आलाय तुमच्याकडं!" तो हात पसरून म्हणाला. "आता मुक्कामाला गादी घालायचा तरास न्हाई तुमाला."

त्याच्या मागून विजया उतरली. सहादेवची बायको रंगूबाई हिची ती धाकटी बहीण. तोवर बाजारातून घरी निघालेली माणसं थांबली, शेळ्या घेऊन चाललेले थांबले, समोरच्या सलूनमधला एकजण तोंडाला फेस असतानाच बाहेर आला. आबासाहेब सगळ्यांना आत बोलावून एकेक गोष्ट दाखवू लागला. हा ओटा, हा गॅस, हा फ्रीज, हे नळाचं पाणी, हा संडास, हा पलंग.

सहादेव पाटीजवळच उभा राहिला. साडूचा हेवा त्याला नवा नव्हता.

बेलवंडीच्या सासुरवाडीत सहादेव थोरला जावई. सरकारी नोकरी, खाकी कपडे, छातीवर बिल्ला. तो आला की सासरा स्वतः उठून पाण्याचा तांब्या पुढं करायचा. मग विजयाचं लग्न झालं. आबासाहेब तेव्हा दुसऱ्याच्या बोअरच्या गाडीवर पाइप उचलायचा; अंगाला कायम दगडाची भुकटी. सहादेवला त्याची कीव यायची, आणि कीव करण्यात त्याचे दिवस फार चांगले गेले. पुढं आबासाहेबानं स्वतःची बोअरची गाडी घेतली. मग दुसरी. मग केडगावात दुमजली घर. सासुरवाडीच्या पंगतीत पहिलं ताट कुणापुढं जातंय याकडं सहादेव डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचा, आणि एका वर्षी अधिकाच्या महिन्यात ते ताट त्याला ओलांडून पुढं गेलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. सहादेवच्या लक्षात मात्र कायमचं राहिलं.

पण बोअर, बंगला हे सगळं त्यानं कसंबसं पचवलं होतं. गाडी ही त्याची स्वतःची जागा होती. गाडीतलं आपल्याला कळतं आणि त्याला कळत नाही, एवढं तरी आपलं आहे, असं तो धरून होता. आणि आता हा गाडी घेऊन आला होता, ती पण अशी.

तेवढ्यात आतून हसू आलं. सहादेव दारापाशी गेला. आत रंगूबाई पलंगावर आडवी झाली होती, पाय लांब करून, पदर तोंडावर घेऊन ती हसत होती. विजया तिला म्हणत होती, "आक्का, असं झोपायचं आन् खिडकीतनं बघायचं. उठलं की समुद्र, निजलं की समुद्र."

"खरंच नेशील व्हय गं मला समुद्राला?" रंगूबाईनं विचारलं.

सहादेव दारातून मागं सरला. गणपतीच्या जादा गाड्या घेऊन तो कितीदा अलिबागला गेला होता. गाडी लावायची, डेपोच्या खोलीत पाठ टेकायची, पहाटे परत निघायचं. समुद्र त्यानं पाहिला होता तो काचेतून, गाडी वळवताना. घरी येऊन तो सांगायचा, "रिटायर होऊ दे, तुला नेतो." रिटायर झाला, मग मुलीचं लग्न आलं, मग गुडघा धरला, मग म्हशी व्यायल्या. रंगूबाईनं कधी आठवण करून दिली नाही. तिला ते लक्षात आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं. आणि मागितलं ते त्याच्याकडं नाही.

"दाजी, बसा की जरा स्टिअरिंगवर," आबासाहेब म्हणाला. "तुमचा हात लागू द्या."

"नगं. हात पेंडीचं हायेत," सहादेव म्हणाला.

पावसाळा लागला आणि केडगावहून बातम्या यायला लागल्या. दोघी बहिणी रोज फोनवर बोलायच्या आणि सहादेव ऐकत नसल्यासारखं करून ऐकायचा.

गाडी जुनी होती. पुण्याच्या कुणा इंजिनिअरनं हौसेनं मिनीबसवर घर बांधून घेतलं होतं, दोनदा फिरवलं आणि विकून टाकलं. पहिल्याच मोठ्या पावसात सोलर बसवायला टपाला पाडलेल्या भोकांतून पाणी आत आलं. पलंगाखालचं प्लायवूड फुगलं, कपाटांची दारं लागेनात. ज्यानं ते घर बांधलं त्या बॉडीवाल्याला फोन लावला तर नंबर बंद. त्याच्या शेडच्या जागी आता लग्नाचं लॉन झालेलं. गाडी गल्लीत लावली तर शेजाऱ्यांनी तक्रार केली, आमच्या घरात उजेड येत नाही म्हणून. लांब मोकळ्या प्लॉटवर नेऊन लावली तर उंदीर शिरले आणि त्यांनी वायरी कुरतडल्या. उभ्या उभ्या बॅटरी बसली. संडासाची टाकी कुठं रिकामी करायची याचं उत्तर तर साऱ्या नगर शहरात कुणाकडं नव्हतं.

कागदांचं वेगळंच. कागदावर ती माणसं वाहून नेणारी मिनीबस होती आणि आत बघावं तर स्वयंपाकघर. पासिंगला नेली की साहेब विचारायचे, सीट कुठायत? विमावाला म्हणाला, आमच्याकडं पलंगाची नोंद नाही. पहिल्या मालकानं हा बदल कागदावर लावून घेतला नव्हता, तो लावल्याशिवाय गाडी आबासाहेबाच्या नावावर पुरती होईना, आणि नावावर झाल्याशिवाय बदल लागेना.

ही एकेक बातमी सहादेवला गोड लागायची. त्या पावसाळ्यात त्याला झोप चांगली लागली. आठवड्यातून एकदा तो आपणहून फोन करायचा. "काय साडूभाऊ, गाडी काय म्हनतीय?" आवाजात इतकी काळजी असायची की आबासाहेब सगळं मोकळेपणानं सांगायचा. "दाजी, तुमीच एक इचारता बगा," तो म्हणायचा. "बाकीचे हसत्यात."

फोन ठेवल्यावर रंगूबाई नवऱ्याकडं बघायची आणि मग कामाला लागायची.

आबासाहेबानं मात्र हार खाल्ली नाही. टप नव्यानं बसवला, वायरी बदलल्या, बॅटरी बदलली, पुण्याला खेटे घालून पहिल्या मालकाच्या सह्या आणल्या. होळीच्या आधी त्याचा फोन आला. "दाजी, गाडी तयार हाय. चौघं जाऊ अलिबागला. तुमी शेजारी बसा नुसतं, मला धीर येईल."

सहादेव नाही म्हणणार होता. पण रंगूबाईनं तोवर लुगड्यांच्या घड्या घालायला काढल्या होत्या. "म्हशी करन बघंल. मी इचारलंय त्याला," ती म्हणाली. करण त्यांचा मुलगा. म्हणजे विचारायचं राहिलेला एकटा सहादेवच.

आदल्या संध्याकाळी दोघं केडगावला जाऊन राहिली. सकाळी उजाडल्यावर चहा घेऊन सहादेव गाडीपाशी आला आणि सवयीनं खाली वाकला. सगळी नोकरी त्यानं हे केलं होतं. गाडी हलवण्याआधी तिच्या पोटाखाली बघायचं. इंजिनाखालच्या फरशीवर हिरवट पाण्याचे थेंब पडले होते. त्यानं बोट लावलं. रेडिएटरचं पाणी. हात घालून बघितलं तर खालचा रबरी पाइप क्लिपेपाशी चिरलेला. अजून फुटला नव्हता, पण चढाला फुटणार होता. अशा किती पाइपांना त्यानं वाटेत सायकलची ट्यूब गुंडाळून गाड्या डेपोत आणल्या होत्या. केडगावात दुकानं उघडली की हे काम अर्ध्या तासाचं.

तो उठला. समोर आबासाहेब नवा पांढरा टी-शर्ट आणि काळा गॉगल घालून, काचेवर फडकं मारत उभा होता.

"काय दाजी, ओके ना?"

सहादेवच्या तोंडात पाइप हा शब्द आला होता. मग त्याला वाटलं, उभं राहू दे एकदा हे धूड रस्त्यात. सगळ्यांच्या समोर. वाफा निघू देत, ह्याला घाम फुटू दे, आणि मग आपण शांतपणे खाली उतरू, ट्यूब गुंडाळू, पाणी ओतू, आणि रंगू बघत असेल.

"ओके हाय," तो म्हणाला, आणि नळावर जाऊन हात धुतले.

रंगूबाई पिशवी घेऊन पायरीवर उभी होती.

गाडी आबासाहेब चालवत होता. नगर-कल्याण रस्त्यानं भाळवणी मागं पडली. आबासाहेब गिअर उशिरा बदलायचा, वळणावर ब्रेक मारायचा, आणि सहादेवचा पाय शेजारच्या सीटवर नुसता पत्रा दाबायचा. मागं दोघी बहिणी पडदे सारून बसल्या होत्या. विजयानं चालत्या गाडीत पोहे वाढले. रंगूबाई प्रत्येक गावाची पाटी मोठ्यानं वाचत होती. सहादेवनं आयुष्यात हजारो माणसं नेली, पण आपल्या बायकोला पाट्या वाचायला आवडतात हे त्याला ठाऊक नव्हतं. ते तिला साडूच्या गाडीत सापडलं, याचा त्याला त्या गाडीपेक्षाही जास्त राग आला.

टाकळी ढोकेश्वर गेलं. ऊन वर आलं. आणे घाटाच्या अलीकडं चढ लागला आणि गाडीची ओढ कमी झाली. इंजिनाची उष्णता दाखवणारं घड्याळ पहिल्यापासून बंदच होतं. सहादेवच्या नाकाला गोडसर, करपट वास आला. आता थांबव म्हणावं, असं त्याला वाटलं. अजून एक वळण, असं वाटलं. त्या एका वळणावर खाड् असा आवाज झाला आणि समोरची काच वाफेनं पांढरी झाली.

गाडी कडेला लागली. सहादेव झाकण उघडायला धावला आणि तिथंच अडला. ह्या मिनीबसचं इंजिन ड्रायव्हरच्या बाजूला आतून उघडायचं, आणि घर बांधणाऱ्यानं त्याच झाकणावर प्लायवूडचं कपाट ठोकून बसवलं होतं. कपाटात गॅसची नळी. खालून तापलेल्या पाइपाला हात लागेना, वरून हात आत जाईना. पाणी ओतायलासुद्धा वाट नव्हती. मनातल्या मनात त्यानं जी दुरुस्ती दहा वेळा केली होती ती त्याला करता येईना. थोड्या वेळानं इंजिन चालू करून बघितलं तर धुराड्यातून पांढरा धूर आला. तापून इंजिनाचं हेडच गेलं होतं. आता हे रस्त्यावरचं काम राहिलं नव्हतं.

आबासाहेब रस्त्याच्या कडेला दगडावर बसला. त्याचा गॉगल कपाळावर चढला होता. "माझंच नशीब वंगाळ, दाजी," तो म्हणाला. "तुमचा दिवस खराब केला मी."

हे ऐकायला मिळावं म्हणून सहादेवनं सकाळपासून वाट पाहिली होती. ऐकलं, आणि त्याला काहीच वाटलं नाही.

रंगूबाईनं त्याला पलीकडच्या लिंबाच्या सावलीत बोलावलं.

"सकाळी तुमी गाडीखाली वाकला हुता," ती हळू म्हणाली. "मी बघितलं. मग हात धुतलं तुमी."

सहादेवनं हात पँटला पुसले.

"हिरवं पानी धुतलं तुमी हाताचं. संसार केलाय मी तुमच्यासंगं. म्हाईत हुतं का न्हवतं, येवढंच सांगा."

"हुतं," सहादेव म्हणाला.

तिनं मान हलवली. ती ओरडली नाही. "त्येंचा राग हाय तुमाला, मला ठाव हाय. त्ये आले की तुमचं त्वांड कसं हुतं, मी लई वर्सं बघतीय. पर गाडीत मी बी बसले हुते की ओ."

एवढं बोलून ती गेली. गाडीत जाऊन तिनं आपली पिशवी काढली, विजयाची काढली. "ईजे, कल्यानची येष्टी येईल आता. हात करू. अर्ध्या तिकिटात जाऊ."

"आक्का, आन् गाडी?" आबासाहेब उठला. "मी थांबतो, तुमी तिघं जावा."

"पाव्हणं, तुमी चला. गाडीतलं ह्येंलाच कळतं. ह्येच थांबत्याल." तिनं सहादेवकडं पाहिलंही नाही.

एस.टी. आली. ड्रायव्हर ओळखीचा निघाला. सहादेवच्या हाताखाली त्यानं पहिली घाटाची फेरी मारली होती. त्यानं खिडकीतून नमस्कार केला. "दादा, तुमी न्हाई येत?" सहादेवनं हातानंच जा म्हणून खूण केली. तिघं चढली. आपल्याच एस.टी.तून, आपल्या ओळखीच्या ड्रायव्हरच्या मागं बसून बायको समुद्राकडं गेली आणि तो साडूच्या बंद गाडीपाशी उभा राहिला.

टाकळीच्या छगन मिस्त्रीनं ट्रॅक्टर लावून गाडी गॅरेजला ओढून आणली. त्यानं आत डोकावून बघितलं आणि हात झटकले. "इंजिन मी खोलतो. पर ह्ये कपाट काढा आधी. ह्ये सुताराचं काम." सुतार आला, त्यानं नळी बघितली आणि म्हणाला, गॅसवाला आणा. गॅसवाला म्हणाला, असली नळी मी घरात बघितलीय, गाडीत नाही. उद्या काय झालं तर माझ्यावर येईल. विम्याच्या मदतीच्या नंबरावर सहादेवनं फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, गाडीचे मालक आपण आहात का?"

"न्हाई," सहादेव म्हणाला.

गाडी सोडून जाता येत नव्हतं. आत सामान, टपावर सोलर, रस्ता वर्दळीचा. म्हणून तो तिच्यातच राहिला. दुपारी पत्रा तापला की आत भट्टी व्हायची. वीज नाही म्हणून पंखा नाही, पंप नाही म्हणून नळाला पाणी नाही. प्यायचं पाणी तो गॅरेजमधून कळशीनं आणायचा. ज्या पलंगावर रंगूबाई पदर तोंडावर घेऊन हसली होती, त्या पलंगावर तो घामात लोळायचा. तिथून खिडकीत छगनच्या गॅरेजमधले जुने टायर दिसायचे. आबासाहेबानं पावसाळाभर हेच केलं असेल, असं त्याच्या मनात आलं. एकेकाच्या दारात जाऊन, एकेकाचं ऐकून घेऊन. आणि आठवड्याला एक फोन जायचा, साडूभाऊ, गाडी काय म्हनतीय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबासाहेबाचा फोन आला. "दाजी, जेवलात का? माझ्यापायी तुमाला वनवास झाला बगा. मी परत येतो उद्या, तुमी जावा."

मागून कसला तरी आवाज येत होता, थांबून थांबून.

"त्यो आवाज कशाचा?" सहादेवनं विचारलं.

"समुद्राचा. भरती आलीय. थांबा, आक्काला देतो."

फोनवर वारा आला. मग रंगूबाईचा आवाज. "ऐकू येतंय न्हवं?"

"येतंय."

"मग झालं," ती म्हणाली आणि फोन परत देऊन टाकला.

सहादेव टायरांकडं बघत बसला. तिचे पाय आत्ता पाण्यात असतील का, ती घाबरली असेल का, घाबरून तिनं विजयाचा हात धरला असेल का, आणि हे सगळं आबासाहेब बघतोय. त्याच्या बंगल्याचा कधी केला नव्हता इतका हेवा सहादेवनं त्या घटकेला त्याचा केला.

अखेर छगननं पारनेरहून ओळखीचा गॅसवाला आणला, कपाट निघालं, हेड दुरुस्तीला जाऊन आलं. गाडी सुरू झाली त्या दिवशी ती तिघं परतली. आबासाहेबानं सहादेवला मिठीच मारली. तेव्हापासून तो भेटेल त्याला सांगतो, आमचे दाजी नसते तर गाडी त्या घाटात भंगारात गेली असती. बारशात सांगतो, दहाव्याला सांगतो. सहादेव खाली मान घालून ऐकतो. खरं काय ते त्यानं साडूला अजून सांगितलेलं नाही, रंगूबाईनंही नाही. ती मध्येच उठून पाणी आणायला जाते.

घरगाडी पुढं फार दिवस राहिली नाही. विकायला काढली तर कागद बघून गिऱ्हाईक पळायचं. शेवटी दौंड रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्यानं नेली, चाकं काढून विटांवर बसवली आणि तिच्यात चहाचं दुकान घातलं. ही बातमी आली तेव्हा सहादेव आपणहून केडगावला गेला आणि आबासाहेबाशेजारी बराच वेळ बसून आला. 

थंडीत त्यानं रंगूबाईला अलिबागला नेलं. एस.टी.नं, खिडकीची जागा तिला देऊन. ती प्रत्येक पाटी वाचत होती आणि तो ऐकत होता.

किनाऱ्यावर मात्र तीच पुढं चालली. तिला वाट माहीत होती. "हिकडनं या, तिकडं खडक हायेत," ती म्हणाली. "हितं ईजी बसली हुती. आन् लाट आली तशी पाव्हण्यांची चप्पल गेली वाहून, त्ये मागं पळाले आन् पडले की उताणे!" आठवून तिला हसू आवरेना. ती पोट धरून हसली.

सहादेवही हसला. तिनं बोट दाखवलं त्या जागी ओली वाळू होती, दुसरं काही नव्हतं. तरी तो तिकडंच बघत राहिला. चप्पल कशी गेली असेल, ती पहिल्यांदा पाण्याकडं बघून काय म्हणाली असेल.

"पयल्यांदा बघितलास तवा कसं वाटलं गं?" त्यानं विचारलं.

"आता काय सांगू," ती म्हणाली. "तवा वाटलं ते तवा." आणि लुगडं वर खोचून ती पाण्यात शिरली.

तो काठावर बसून पँटचे पाय वर दुमडू लागला. गुडघा वाकत नव्हता, वेळ लागत होता. ती मागं वळून थांबली नाही, पण फार पुढंही गेली नाही.